वकीलबाईंची जाऊ

५ ऑगस्ट

आज पुन्हा एक ठणठणीत माणूस तपासला! नाडी उत्तम, छाती स्वच्छ, दंड माझ्या मांडीएवढे. सगळं तपासून झाल्यावर विचारलं, "होतंय काय तुम्हाला?" तर म्हणतो, "मला कुठं काय? बापाला होतंय. बाप वर आहे."

आलो त्या दिवसापासून हेच चाललंय. शेवटी सिस्टरनी माझी कीव करून समजावलं. दवाखाना खाली, वस्त्या वर, हिवाळ्यात बर्फाखाली जाणाऱ्या डोंगरात. मधला चढ असा की आजारी माणूस उतरू शकत नाही, आणि उतरलाच तर परत चढू शकत नाही. म्हणून घरातलं सगळ्यात धडधाकट माणूस पाठवायचं. त्यानं दुखणं सांगायचं, औषध न्यायचं.

म्हणजे इतकी वर्षं मर मर अभ्यास करून मी इथं डोंगरातल्या सर्वांत निरोगी लोकांवर उपचार करतोय. संस्थेच्या पत्रकावर छापलंय — 'डॉक्टर रुग्णाच्या दारी'. दार आहे खरं. रुग्णाचा पत्ता नाही.

१२ ऑगस्ट

वकीलबाई आल्या होत्या. हे नाव मी ठेवलंय, कारण वरच्या वाडीतल्या सगळ्यांची केस त्या एकट्याच लढवतात. चाळिशीच्या, काटक, आवाज हवालदाराचा. दर मंगळवारी उतरतात.

सासऱ्याला खोकला, म्हणाल्या. मी विचारलं, "कोरडा की ओला?"

सांगायला हवं होतं ना? छे! स्टुलावरून उठल्या, कमरेत वाकल्या आणि खोकायला लागल्या. काय तो खोकला! पोटातून निघाला, घशात अडकला, मग बारीक शिट्टी. खिडकीतून बाहेर थुंकल्या. आणि सासऱ्याच्याच आवाजात स्वतःवर खेकसल्या — "पाणी दे की गं, मेले का सगळे!"

मी चक्क निदान केलं. करूच शकलो, एवढी ती शिट्टी स्पष्ट होती! मग शेजारणीची कंबर झाली, एका म्हातारीचे गुडघे झाले. पुढं एका पोराचे जुलाब होते. तो प्रयोग मी सुरू व्हायच्या आत थांबवला.

१३ ऑगस्ट

गुरुजी भांडायला आले. संस्थेची शाळा आणि संस्थेचा दवाखाना एकाच इमारतीत, मध्ये फक्त फळ्यांची भिंत. मंगळवारी सगळी पोरं फटींना डोळे लावून वकीलबाईंचा खेळ बघतात, पाढे वाऱ्यावर. "डॉक्टर, निदान तिकीट तरी लावा," म्हणाले. "फळ्यावरचा खडू संपलाय."

१९ ऑगस्ट

मुख्य कार्यालयाकडून शाळेला भेट आली. फुटबॉल! आणि पोहायचे चष्मे. इथली नदी गुडघाभर, तीही दरीच्या तळाशी.

फुटबॉलचं उद्घाटन गुरुजींनी केलं. पहिलीच लाथ. इथं सपाट जागा म्हणजे शाळेचा व्हरांडा, बाकी सगळा उतार. चेंडू एकदा आपटला, दोनदा आपटला आणि आमच्या आयुष्यातून गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळ असाच असतो.

२ सप्टेंबर

वकीलबाईंचे आज बरेच अशील. सासऱ्याच्या खोकल्यात सुधारणा आहे — शिट्टी जरा मऊ झालीय. एक नवीन डोकेदुखी आणली होती, ती मात्र त्यांना नीट जमली नाही. कपाळ धरून नुसत्याच विव्हळल्या. मी म्हणालो, "बाई, उजवीकडं की डावीकडं?" म्हणाल्या, "विचारून येते." हे त्यांचं नेहमीचं. अडलं की 'विचारून येते', आणि उत्तर पुढच्या मंगळवारी. माझ्या एकेका प्रश्नाला एकेक आठवडा!

जाता जाता, दारात, चपला घालताना म्हणाल्या, "आणि हो. माझ्या जावेला इथं गाठ आहे." स्वतःच्या छातीच्या डाव्या बाजूला, काखेजवळ, बोट ठेवलं.

दुखते? नाही. हलते? नाही. वरची कातडी? खरखरीत, संत्र्याच्या सालीसारखी. कधीपासून? पेरण्यांच्या आधीपासून. पटापट उत्तरं! एकदाही 'विचारून येते' नाही. म्हटलं, वा, बाई पहिल्यांदाच केस तयार करून आल्या.

पण उत्तरं काही चांगली नव्हती. जावेला ताबडतोब खाली आणा म्हणालो. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, संस्थेची जीप आहे.

"सांगते," म्हणाल्या.

९ सप्टेंबर

जाऊ आली नाही. "नाही म्हणते. म्हणते, गाठच आहे ना, राहू दे. माझं काही खात नाही, पीत नाही."

मी म्हणालो, तीच तर खाणार आहे तिला! आणखी काय म्हणते?

"म्हणते, मी गेले तर वरच्यांचं काय?"

"वरच्यांचं बघायला तुम्ही आहात की!"

गुडघ्यांच्या गोळ्या घेतल्या, निघून गेल्या.

१६ सप्टेंबर

देणगीदार आले! नवरा, बायको आणि फोटोवाला. तिघांनाही घाट लागलेला, चेहरे हिरवे. आजचे खरे पेशंट तेच.

त्यांना रुग्ण बघायचे होते. रांगेत सगळे गालावर लाली असलेले, मिशांना पीळ दिलेले. देणगीदारबाई म्हणाल्या, "इथली हवा फारच चांगली दिसते." फोटोवाल्यानं माझ्या कानात विचारलं, जरा दुःखी कोणी मिळेल का?

वकीलबाई पुढं झाल्या. खोकला, कंबर, गुडघे, चक्कर, दम — एकामागून एक, न थांबता. देणगीदारबाईंनी डोळे पुसले. नवऱ्यानं वकीलबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. फोटो निघाले. भिंतीपलीकडून पोरांनी 'पुन्हा! पुन्हा!' केलं, गुरुजींनी कोणाला तरी धपाटा घातल्याचा आवाज आला.

शेवटी देणगीदारबाई त्यांना म्हणाल्या, "हे सगळं दुसऱ्यांचं. आणि तुमची तब्येत?"

"माझी? मला कुठं वेळ आहे!"

सगळे हसले. मीही.

जाऊ आजही आली नाही.

२३ सप्टेंबर

आज माझा पारा चढला. पुन्हा एकट्याच! पुन्हा 'नाही म्हणते'!

"मूर्ख आहे तुमची जाऊ!" मी ओरडलो. भिंतीपलीकडची शाळा गप्प झाली. "सांगा तिला जाऊन. आत्ता आली तर कापून काढता येईल, बरी व्हायची आशा आहे. बर्फ पडून घाट बंद झाला तर संपलं. मग माझ्याकडं फक्त दुखणं कमी करायच्या गोळ्या आहेत."

"किती दिवस राहील अशी?"

"वर्षभर. फार तर."

शाल गळ्याशी घट्ट धरून ऐकत होत्या. म्हणाल्या, "सांगते तिला." मग म्हणाल्या, "मूर्ख नाही हो ती." आणि गेल्या.

सासऱ्याचं औषध टेबलावरच विसरल्या. असं कधी होत नाही. सिस्टर पार वळणापर्यंत धावल्या बाटली घेऊन.

सिस्टर आल्यावर माझ्याशी बोलल्या नाहीत. बरं. माझंही चुकलं असेल, पण माणसानं किती वेळा सांगायचं? जिला कधी पाहिलं नाही त्या बाईसाठी माझी झोप जातेय, आणि तिला मात्र डोंगर उतरायचा कंटाळा!

३० सप्टेंबर

वकीलबाई आल्या नाहीत.

पोरं फटींपाशी ताटकळली. मग आपलीच दवाखाना-दवाखाना खेळली. एक पोरगी वकीलबाई झाली, एक मी झालो. मी म्हणजे पोटावर दप्तर बांधलेला आणि सारखा ओरडणारा. गुरुजी म्हणाले, "हुबेहूब."

७ ऑक्टोबर

आजही नाहीत. वरच्या वाडीचं कोणीच नाही. रागावल्या असणार.

समोरच्या शिखरावर पांढरं दिसतंय. जीपचा ड्रायव्हर म्हणतो, पुढच्या गुरुवारी शेवटची फेरी. त्यानंतर घाट उघडेपर्यंत गाडी नाही. आणि घाट उघडेपर्यंत ती गाठ काय माझी वाट बघत बसणार आहे?

१२ ऑक्टोबर

ठरवलं. मीच वर जाणार. त्या जावेला समोर बसवून असा झापणार की ती स्वतःहून उतरली पाहिजे. नाहीच ऐकलं तर गुरुजी आणि मी पाटावर बसवून आणू. लग्नात मामा आणतात तशी!

सिस्टरना सांगितलं. त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्या पोटापाशी जरा जास्त थांबल्या. "जा. पण तुम्ही वर आडवे झालात तर तुमच्या वतीनं खाली कोण येणार?"

१४ ऑक्टोबर, चढावर

दगडावर बसून लिहितोय. गुरुजी पुढं गेलेत, त्यांचा पत्ता नाही. फुफ्फुसं तोंडात आलीत. छातीत कळ, पोटऱ्यांत गोळे, डोळ्यांपुढं काजवे. आज कोणी विचारलं तर वकीलबाईंसारखी सगळी दुखणी एका दमात करून दाखवीन, तीही अस्सल.

या रस्त्यानं ती बाई दर मंगळवारी येते! औषधांचं ओझं घेऊन परत चढते! आणि मी तिच्यावर ओरडलो. पोचल्यावर आधी तिची माफी मागायची, मग जावेकडं बघायचं.

खालून एक म्हातारी आली, माझ्याकडं पाहून हळहळली. "आजारी आहात तर कशाला चढता?" म्हणाली. "दुसऱ्या कोणाला पाठवायचं."

१४ ऑक्टोबर, वरची वाडी

जावेला गाठ नाही.

अंगणातच भेटली. डोक्यावर लाकडाचा भारा, धडधाकट. "मला? कसली गाठ?" म्हणून हसायला लागली. मग माझ्या मागं पाहिलं आणि थांबली. दारात वकीलबाई होत्या. डावा हात अंगाशी घट्ट धरलेला.

मूर्ख कोणाला म्हणालो होतो मी. वर्षभर, फार तर — हे कोणाच्या तोंडावर सांगितलं होतं. सासरा ऊन खात बसला होता, त्यानं मला बसायला जागा दिली.

विचारलं काहीच नाही. एवढंच म्हणालो, "परवा जीप जातेय. तुमच्या जावेला काही वेळ मिळायचा नाही, खूप कामं दिसतात तिला. नेहमीसारखं तिच्या वतीनं तुम्हीच चला."

उंबऱ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "विचारून येते."

जावेचा हात धरून तिला आत घेऊन गेल्या. आधी दोघींचं रडणं ऐकू आलं. मग आतून सासऱ्याचा खोकला ऐकू आला. सासरा तर माझ्या शेजारी बसलेला! पोटातून निघालेला, घशात अडकलेला, शेवटी बारीक शिट्टी. मग तोच खोकला पुन्हा, दुसऱ्या आवाजात, जरा कच्चा, शिट्टीशिवाय.

"असा नाही गं," वकीलबाई म्हणाल्या. "खालून काढ. मंगळवारी डॉक्टरला कळलं पाहिजे."