बाबांच्या होडीला सावली

बाबा,

तुम्ही छान घोरत होतात म्हणून उठवलं नाही. भर उन्हात होडीची मापं पुन्हा घेऊन आले आणि आता छताचे पाइप वाकवून घ्यायला वर्कशॉपमध्ये चाललेय.

कालची मापं चुकली होती. आपल्या टेपचे पहिले तीन इंच तुटलेत. ते तिथे तुम्ही वजा केलेत आणि घरी येऊन मीही वजा केले! छत काठापर्यंत पोचलंच नसतं. आज नवीन टेप आणली. जुनी फेकली तर तुम्ही घर डोक्यावर घ्याल, म्हणून ती खुंटीलाच आहे.

"छताखाली मिरवायला मी काय नवरदेव आहे?" असं म्हणालात ना, म्हणूनच घडीचं करतेय. धक्का जवळ आला की मागे पाडा, तुमच्या दोस्तांना पत्ताही लागणार नाही. पण पाण्यावर ते उघडलेलंच राहिलं पाहिजे. परवासारखी चक्कर पुन्हा नको.

जेवण झाकून ठेवलंय. गोळी जेवणानंतर घ्यायची, आधी नाही.

आणि हो, छताची उंची ठरवायला होडीतल्या तुमच्या फळीवर जाऊन बसले होते. फळीचा चटका बसला, दहा मिनिटांत डोकं भणभणलं, शेवटी सावलीत पळाले. तिथे तीस वर्षं बसून तुम्ही आम्हा तिघांना वाढवलंत, आणि घरी आल्या आल्या पंखा आमच्याकडे वळवून विचारायचात, "पोरांनो, फार उकडतंय का रे?"

तुमची,
धाकटी