माशी नसलेली बाग

३ मार्च
आलो बाई एकदाच्या! सामान अजून दोरीतच आहे आणि ताई खिडकी सताड उघडून बसली आहे. दोन वर्षांपूर्वी तिला गांधीलमाशी चावली, घसा सुजला, मरता मरता वाचली. दुसरा डंख झेपणार नाही असं डॉक्टरांनी बजावलं आणि आम्ही दोघी बहिणी तेव्हापासून जाळ्यांच्या आड डबाबंद झालो. तिचा मुलगा फोनवर काळजी तेवढी करतो, फुकट असते ना.
या सफरचंदाच्या बागेत मात्र एकही किडा नाही. मालकाने औषधं मारून मारून सगळे संपवले. जन्मभर कॉलेजात कीटकशास्त्र शिकवलं आणि म्हातारपणी सल्लागाराची नोकरी मिळाली ती किडेच नाहीत तिथे. हसावं की रडावं! पण ताईचा जीव सुरक्षित आहे, मला बाकी काही नको.

६ मार्च
फुलांवर परागकण न्यायला माश्या नाहीत, म्हणून इथे माणसं शिड्यांवर चढतात. गळ्यात परागाची डबी, हातात काठी, काठीच्या टोकाला पिसं. एका फुलाला टेकवायची, मग दुसऱ्याला. दिवसभर हेच.
बागेच्या मॅनेजरांनी बोलावून विचारलं, निसर्गात कीटक नक्की काय काय करतात. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायला एवढं पुरे! मधमाश्या, मुंग्या, गांधीलमाश्या एका गोतातल्या. फुलपाखरं आणि पतंग दुसऱ्या गोतातले, त्यांच्या पंखांवर खवले असतात. चतुर डासांना खातात, नाकतोडे पाला खातात आणि पक्ष्यांच्या पोटात जातात. साध्या माश्या आणि भुंगेरे मेलेलं फस्त करतात, म्हणून जमीन पुन्हा पिकते. मॅनेजर मान डोलवत होते. म्हणाले, एवढंच ना मॅडम, माणसं आहेत आमच्याकडे. मला विनोद वाटला, मी हसलेसुद्धा.

११ मार्च
ताईने पिसांची काठी हातात घेतली आहे. बसून बसून कंटाळली म्हणे. संध्याकाळी भुवयांपर्यंत पिवळी होऊन आली, इतकी खूश की मला भरून आलं. जेवली मात्र नाही. बागेत सगळ्यांना साखरेचं पाणी देतात, त्यानेच पोट भरतं म्हणाली. वयाप्रमाणे वाग जरा, असं मी म्हटलं, तर खुदकन हसली.

१७ मार्च
गोदामामागे कुत्रा मरून पडला होता. त्यावर ना माशी, ना अळी. नुसता फुगलेला. पुरून टाका म्हणून मी मॅनेजरांकडे गेले, तर म्हणाले, पुरायचं कशाला, तुम्हीच सांगितलंत ना मेलेलं कुठे जातं ते.
आज तिथे नुसती हाडं आहेत, चाटूनपुसून साफ. गोदामामागे राबणाऱ्या पाळीतले तिघं भिंतीला टेकून ऊन खात बसले होते. त्यांच्या हनुवट्या तुपकट होत्या. मी तिकडे बघितलंच नाही.

२२ मार्च
ताई बोलत नाही. ओठ मिटून गुणगुणते. शिड्यांवरच्या सगळ्याच बायका गुणगुणतात, एका सुरात. बॅग भरली, म्हटलं ताई, चल, आत्ताच्या आत्ता निघायचं. तिने माझ्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि शिडी चढली.
फाटकाला कुलूप आहे. फुलोरा संपेपर्यंत उघडणार नाही म्हणे. आणि फुलोरा संपल्यावर माझ्या बहिणीचं काय, असं मी ओरडले. मॅनेजर अगदी शांतपणे म्हणाला, कामकरी माशी हंगामभर राबते आणि मरते, हे तुम्हाला ठाऊक नाही का मॅडम. ठाऊक आहे. मेल्या, ठाऊक आहे मला!

२६ मार्च
तिला शिडीवरून ओढलं. हातात वजनच लागलं नाही. बाकीच्या बायकांनी मला ढकलून दिलं, रागाने नाही, वाटेतली काडी सारावी तशी.
माझं जेवण बंद केलंय. साखरेचं पाणी ठेवतात. मी ओतून देते. ते प्यायले तर मीही —

२९ मार्च
पाकळ्या गळल्या. बायकाही. एकेक करून, आवाज न करता.
ताई कडेच्या झाडाखाली. डोकं मांडीवर घेऊन बसले. पुरायला फावडं मागितलं — देत नाहीत.
डंखापासून वाचवायला आणली होती मी तिला. डंखापासून!

३० मार्च
मॅनेजर आला. गोदामामागच्या पाळीत माणूस कमी आहे म्हणाला. दगड फेकून मारला. तो हलला नाही. म्हणाला, तुमची मर्जी, ते तिघं आहेतच. पण परक्यांच्या हाती कशाला देता बहिणीला. घरचं माणूस असलेलं बरं.

३१ मार्च
तिघं येऊन बसलेत. हाकललं की मागे सरकतात — पुन्हा पुढे —
पोटात काही नाही. ताईचे हात पुसले, पराग निघत नाही. वास येतोय. वाईट नाही वाटत मला तो — देवा, वाईट का नाही वाटत —
एक जण तिच्या पायाशी आला. लाथ घातली. हात लावायचा नाही कुणी! माझी ताई आहे ती. तुम्हाला नाही देणार. कुणालाच नाही. मी आहे ना. मीच तिला —