फळीवरचा गेम आणि फिटरची जागा

१७ सप्टें. ७९, सोम. जऊळका
हे परवा आले. जहाजावरून सव्वा वर्षानं. सुजातानं बापाला ओळखलं नाही. आजीच्या लुगड्यामागे लपून विचारते, "हे पाव्हने कवा जातीन?" सगळे हसले. हेसुद्धा हसले, पण मग बराच वेळ नुसती बॅग उपसत बसले.
बॅगेतून निघालं ते असं: मला घड्याळ, सासूबाईंना शाल, सुजाताला बाहुली, आणि एक मोठा खोका. सिंगापूरचा. टीव्हीला जोडून खेळायचा गेम म्हणे.
मी म्हटलं, "आन् टीव्ही कुठी हाय?"
"पाहू ना. कोनाकडं तरी असंनच."
साऱ्या जऊळक्यात टीव्ही नाही. या माणसाला काय म्हणावं.
खोक्यावर चित्र आहे. एक गोरा पोरगा चाकं लावलेल्या फळीवर उभा राहून पिंपांवरून उडी मारतो. सासूबाईंनी खोका दारात उजेडाला नेऊन पाहिला. "याचे पाय तं चांगले हायेत रे. मंग फळीवर काहून चढवलं याले?" अकोल्याच्या स्टेशनवर तो बिनपायाचा माणूस फळीवर सरकत हिंडतो, त्यांना तसंच काही वाटलं. ह्यांनी समजावलं, तिकडं पोरं मौज म्हणून खेळतात. त्यांना काही पटलं नाही.

२० सप्टें.
शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या बोरकर गुरुजींनी सांगितलं, वाशीमच्या एका कापसाच्या जीनमध्ये फिटरची जागा रिकामी आहे. दिवाळीनंतर कापूस येईल, त्याआधी भरणार. मॅनेजर स्वतःच माणूस निवडतो. ह्यांनी जहाजाची इंजिनं सांभाळली, सरकीची यंत्रं म्हणजे काय मोठं! घरी येऊन सांगितलं. "जाईन," म्हणाले. कधी ते नाही सांगितलं. हातात त्या गेमची वायर.
जहाज कंपनीचं बोलावणं यायच्या आत हे व्हायला पाहिजे. मला आणखी सव्वा वर्ष असं नको आहे. सुजाताला पण नको, तिला कळत नसलं तरी.

२३ सप्टें. रवि.
नशीब असं की त्या जीनच्या मॅनेजरकडेच टीव्ही आहे! गुरुजींनीच सांगितलं. मुंबईहून बदलून आले तेव्हा सोबत आणला, इकडं काहीच दिसत नाही, म्हणून वर भरतकामाचा रुमाल टाकून ठेवलाय. मला इतका आनंद झाला. दोन्ही कामं एकाच घरात. म्हटलं, गेम दाखवायच्या निमित्तानं जा आणि जागेचं काढा.
सकाळच्या पॅसेंजरनं खोका घेऊन गेले. संध्याकाळी तोंड पाडून परत. दिवसभर बटणं फिरवली, पडद्यावर नुसत्या मुंग्या.
"आन् जागेचं?"
"गेमच नाही लागला वं. आज कसं इचारू?"

२६ सप्टें.
आज लागला. इतके खूश की जेवतानाही हातवारे. खाली पांढरी रेघ म्हणजे जमीन, तिच्यावर एक बारका ठिपका म्हणजे तो फळीवरचा पोरगा. बटण फिरवलं की पळतो. पुढे पिंपं येतात. वेग बरोबर असला तर उडी, नाहीतर आपटतो आणि घर्र आवाज होतो. मॅनेजर (किती वेळा लिहू, मॅ.च लिहिते) सारखे पाडत होते म्हणे आणि लहान पोरासारखे हसत होते. त्यांच्या बायकोनं मग त्यांना उठवून स्वतः खेळून पाहिलं.
खोक्यावर एवढं चित्र आणि आत नुसता ठिपका. हे मी बोलून दाखवलं तर ह्यांना राग आला.
जागेचं? "पुढच्या खेपी."

३ ऑक्टो. बुध.
दसरा झाला. नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं ठरलं होतं. सासूबाईंनी पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं. आदल्या दिवशी मॅ.चा निरोप, सुट्टी आहे, गेम घेऊन या. हे गेले. आम्ही दोघी घरीच. सासूबाईंनी लुगडं घडी करून परत पेटीत ठेवलं, तेच जास्त लागलं.
रात्री मी भांडले. म्हटलं, इतक्या वेळा जाऊन आले, एक शब्द निघत नाही तोंडातून? सव्वा वर्षानं घरी येता आणि सुट्टी दुसऱ्याच्या घरी. "तुले नाही समजत," म्हणाले आणि पाठ केली. समजत नाही तर सांगा ना. सांगायलाही…
झोप नाही. चवथीचे पेपर तसेच पडलेत.

६ ऑक्टो. शनि.
सकाळची शाळा करून मी स्वतःच सोबत गेले. ठरवून गेले होते की हे नाही बोलले तर मी बोलेन.
बंगला मोठा. दिवाणखान्यात वेताच्या खुर्च्या. हे सरळ आत जाऊन मॅ.च्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मॅ. ह्यांना "अहो" म्हणतात. चहा त्यांच्याच कपबश्यांत आला. हे समजावत होते, "एकदम नका फिरवू साहेब, आस्ते," आणि मॅ. मान डोलवत होते. घरात मी ह्यांना असं बोलताना पाहिलेलं नाही. आवाज वेगळा, बसणं वेगळं.
मलाही खेळायला दिलं. माझा ठिपका पहिल्याच पिंपाला आपटला. दुसऱ्यांदाही. मग चक्क राग आला आणि आणखी एकदा मागितलं. त्या वेळी एक उडी झाली. मॅ.च्या बायकोनं टाळी वाजवली.
मी ह्यांना दोनदा खुणावलं. हे पडद्याकडे बघतात. मी तोंड उघडलं तर ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले.
मग स्टेशनवर बाकावर बसून मी रडले. लोक पाहत होते, पाहू दे. तेव्हा हे बोलले. हळू, रुळांकडे बघत.
"माहा बाप याच जीनमंदी गठाणी उचले. त्याच बंगल्याच्या पायरीखाली उभा राहून हप्ता घे. मी सोबत राहो. आतली खुर्ची मी तवा बाहेरून पाह्यली. आता मी तिच्यावर बसून राह्यलो. जागा मांगतली का उद्यापासून मीबी पायरीखाली."
गाडी आली, बसलो.
घरी येऊन विचार करते तर राग गेलेला नाही. त्यांचं खरं आहे. पण खुर्चीवर घर चालत नाही, आणि त्या खुर्चीपायी हा माणूस परत समुद्रावर जाणार. माझंही खरं आहे की.

९ ऑक्टो.
काल गेम जळाला. बॅटऱ्या संपल्या म्हणून मॅ.कडे लायनीवर लावला, लाइट एकदम वाढली, धूर निघाला. हे ओसरीवर सगळे स्क्रू काढून बसलेत. आतून काळा पडलाय. जहाजाचं इंजिन उघडणारा माणूस, याच्यात त्यांना काही कळेना. सुजाता आज पहिल्यांदा आपणहून जवळ गेली, एक स्क्रू उचलून दिला. ह्यांनी घेतला, पण मान वर केली नाही. मला ओरडावंसं वाटलं.
मॅ.कडून निरोप नाही. रोज यायचा.

११ ऑक्टो. गुरु.
तार आली. तेरा तारखेला सकाळी मुंबईत हजर व्हा. म्हणजे उद्या दुपारच्या गाडीनं अकोल्याला निघावं लागेल.
मी म्हटलं, आज वाशीमला जाऊन या.
"गेमशिवाय? कोन म्हून जाऊ?"
"फिटर म्हून जा."
मग सासूबाई आतून म्हणाल्या, "जाय ना रे बापू. तुह्या बापानं पायरीखाली उभं राहूनच तुले शिकवलं. त्याची लाज वाटते काय?" हे धुतलेला शर्ट घालून गेले. हात रिकामे होते, त्यांचं काय करावं ते कळत नसल्यासारखे चालत होते.

तोच दिवस, दिवेलागण
आले. पाय धुतले, पाणी प्याले. मी विचारलं, "बसाले म्हनलं काय?"
"म्हनलं. मीच नाही बसलो. उभ्यानंच इचारलं."
"मंग?"
"आइकून घेतलं. म्हने, उद्या दुपारी या."
"कायले?"
"ते नाही सांगितलं."
उद्या दुपारी गाडी. गाडी सोडली तर जहाज गेलं, आणि मॅ.नी नुसतं नाही म्हणायलाच बोलावलं असेल तर दोन्हीकडून गेलं. भरलेली बॅग कोपऱ्यात आहे. हे ओसरीवर बसून मला विचारतात, "काय करू?"
लग्नाला सहा वर्षं झाली, असं कधी विचारलं नव्हतं. इतके दिवस मी तावातावानं सांगत होते, तेव्हा सगळं माहीत होतं मला. आता विचारलंय तर मलाच ठरवता येत नाही.