दोनशे चौदा श्रद्धांजल्या आणि सुधीरची खाडी

मी, नंदकिशोर दामोदर आठल्ये, वय ५८, निवृत्त संस्कृत शिक्षक, राहणार ऐरोली, नवी मुंबई, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी जिवंत आहे. हे वाक्य अशा कागदात सहसा घालत नाहीत. मला घालावे लागत आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील शिल्लक पत्नी अरुणा हिला. तिने तेहतीस वर्षे माझे विनोद ऐकले. त्या मानाने ही भरपाई अपुरी आहे.

२. माझे सर्व कोश विद्यार्थिनी श्रुती हिला. चिरंजीव निखिल यास देऊ नयेत. तो त्यांवर लॅपटॉप ठेवतो.

३. फेसबुकचे खाते माझ्यामागे निखिलने बंद करावे. मात्र मी कोणाला अनफॉलो करून जात आहे व का, याचा खुलासा येथेच करतो.

३१ मे रोजी शाळेने निरोप देताना मला हार घातला. निखिलने तो फोटो टाकला. मजकूर काही नाही, फक्त जोडलेले हात. धूर दिसला की अग्नीचे अनुमान करावे, असे मी वर्गात शिकवत आलो. आमच्याकडे हार दिसला की मृत्यूचे करतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेताना पाहतो, तर फोटोखाली दोनशे चौदा जणांची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’! लिहायला लाज वाटते, पण मी स्वतःची नाडी पाहिली.

घरी फोन एकाचाही नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या मितेशने तर ‘आत्म्यास शांती लाभो’ लिहून, सकाळी लिफ्टमध्ये मला “गुड मॉर्निंग, सर” केले होते.

सबब हे दोनशे चौदाही जण अनफॉलो. पण यादी करताना धाकटा भाऊ सुधीर याचे नाव कुठेच सापडेना. सख्खा भाऊ, आणि एक शब्द नाही?

नऊ वर्षांपूर्वी त्याने बोनकोडे गावाजवळ घर घेतले. वास्तुशांतीला सगळ्यांसमोर म्हणाला, “दादा, खिडकीतून खाडी दिसते बघ.” मी म्हणालो, “सुधीर, हा नाला आहे.” पाहुणे हसले. तेव्हापासून अबोला. तो रोज सकाळी त्या पाण्याचा फोटो टाकतो. मी रोज पाहतो, पण अंगठा देत नाही. आता आधी त्यालाच काढायचे ठरवले. बोट बटणावर होते, तोच वॉचमन ज्योतिबाचा इंटरकॉम.

“सर, तुमचे भाऊ आलेत. टेम्पोत बांबू हायेत, मडकं हाय. बांबू लिफ्टमधनं न्यायला सोसायटीची परमिशन नाय. आणि सर... कोन गेलं?”

दार उघडले. सुधीर अनवाणी, डोळे सुजलेले. मला पाहताच चपलांच्या रॅकवरच बसला.

“दादा, तू... आहेस?”

“आहे. तू श्रद्धांजली का नाही लिहिलीस?”

“लिहीत बसू? सामान कोण आणणार होतं, तुझा निखिल? मेल्या, जिवंत माणसाने हार घालून फोटो काढायचा असतो का! वाटभर म्हणत आलो, एकदा तरी बोलायला हवं होतं याच्याशी.”

मी स्वतः आत जाऊन त्याच्यासाठी चहा ठेवला. अरुणा म्हणते, असे प्रथमच घडले.

४. सदर बांबू बाल्कनीत आहेत. कपडे वाळत घालण्यास वापरावेत, मोडू नयेत. वेळ येईल तेव्हा हेच घ्यावेत. नवे आणू नयेत.

५. साक्षीदाराला लाभ देऊ नये म्हणतात, म्हणून सुधीरसाठी वस्तुरूपाने काही ठेवत नाही. फक्त हे विधान ठेवतो: त्याच्या खिडकीतून दिसते ती खाडीच आहे. माझ्या वारसांनी यास आव्हान देऊ नये.

ऐरोली, ८ जून २०२५
(सही) नं. दा. आठल्ये

साक्षीदार :
१. मितेश ठक्कर. सरांनी माझ्यासमोर सही केली, तेव्हा ते जिवंत होते. श्रद्धांजली डिलीट केली आहे.
२. सुधीर दामोदर आठल्ये. कलम ५ दोनदा वाचले. दादाने भरतीच्या वेळी घरी येऊन स्वतः बघावे.