पंखातल्या अक्षता

सुरत, रविवार, ८ डिसेंबर १९९६

ह्यांच्या लाल स्पोर्ट्स कारचा बटण दाबलं की वर येणारा मागचा पंख दसऱ्यापासून वर येत नाही. भेस्तानच्या मिस्त्रीने हात टेकले. आज उघडला नाही तर गाडी विकायची, असं हे सकाळी म्हणाले. ह्यांचे हात हल्ली थरथरतात, म्हणून ग्रीस मलाच लावायला सांगितलं. पंखाखालच्या खाचेत जुन्या ग्रीसला तांदूळ चिकटलेले. माझ्या पूजेतले.

"अहो, या तर अक्षता."

"दर दसऱ्यानंतर मीच काढायचो. यंदा चिमटा धरवला नाही."

"सांगायचं नाही का?"

"तू इतकी मनापासून वाहतेस."

इतकी वर्षं? गुपचूप?

मी एकेक दाणा काढला, ग्रीस लावलं. पंख वर आला. पुढच्या दसऱ्याला अक्षता बॉनेटवर वाहीन. विकण्याचं पुन्हा निघालं नाही. हे बराच वेळ बटण दाबून पंख वरखाली करत बसले होते.