राजाच्या गालावरची पट्टी

गवत वाळायचा महिना, चौथा दिवस

लाज वाटते. लिहितानासुद्धा लाज वाटते! रोमनांकडे ओलीस होतो तेव्हा अक्षरं शिकलो. इथे कुणालाच वाचता येत नाही, म्हणून तर हे लिहायची हिंमत होते.

थोरला भाऊ कुर्दाग आज गेला; त्याच्या जागी आता राजा मी. आम्ही हूण गेलेल्या वीरासाठी रडत नाही, सुरीने गाल चिरून घेतो. मी सुरी गालाला लावली — आणि तशीच खाली घेतली. मांडीत बाण घुसला होता तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं मी!

आयकानने पाहिलं. बायकोच ती. "एवढे हूणांचे राजे, आणि सुरीला भिता?" पण तीच जाऊन मेंढीचं रक्त घेऊन आली. गालाला फासलं, वर पट्टी बांधली. सख्ख्या भावासाठी मेंढीचं रक्त!

पाचवा दिवस

सरदार भावाच्या तंबूभोवती घोडे फिरवत गाल चिरून घेत होते. माझी पट्टी लालभडक — सकाळीच पुन्हा भिजवलेली. ती पाहून साराग काका बाकीच्यांवर ओरडले, "अरे, मांजरासारखे ओरखडे काय काढताय? राजाकडे बघा जरा!" आणि स्वतःचा गाल खसकन चिरला, पार दातांपर्यंत.

सत्तरीचा म्हातारा! मला पहिल्यांदा घोड्यावर यांनीच बसवलं. मी नुसता बघत राहिलो.

सातवा दिवस

काकांचा गाल सुजलाय.

नववा दिवस

जखम चिघळली. अंगात सणसणून ताप. खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो. तंबूत घाण वास. काकांना धड बोलता येत नाही, तरी माझाच हात धरून विचारतात, "पोरा, तुझं कसं आहे? फार ठणकतं का रे?"

"थोडं," म्हणालो.

थोडं! जीभ कशी झडली नाही माझी?

आयकान म्हणते, "आता बोललात तर एकही सरदार तुमच्यामागे उभा राहणार नाही. गप्प बसा." बसलो गप्प. तेवढं छान जमतं मला.

दहावा दिवस

उद्या सांगणार. काका शुद्धीवर आहेत तोवर. नक्की.

अकरावा दिवस

काका पहाटे गेले.

मी सुरी मागितली. या वेळी खरंच चिरणार होतो, आभाळाची शपथ! सरदारांनीच हात धरला. "राजा, तुमची आधीचीच जखम भरली नाही अजून. तुम्हाला माफ आहे."

मी सुरी परत दिली.