तेवीस नंबरचा कप्पा

४ फेब्रुवारी
फरशीच्या दुकानातून, दुपारी

दादा,

तू ठीक, वहिनी ठीक, बाबांचे डोळे होते तसेच, हे तुझ्या पत्रात वाचलं. मीही ठीक आहे. जेवते, झोपते, नोकरी अजून टिकून आहे. (सहावी. मोजू नकोस.) विचारपूस संपली, आता भांडायला बसते.

बाबांना सांग, मी दगड सांभाळते म्हणाले होते, परीक्षेला बसते म्हणाले नव्हते.

तू त्यांची दगडांची पेटी घेऊन आलास तेव्हा काय म्हणालास? ‘छंद म्हणून ठेव, फावल्या वेळात बघत जा.’ मला वाटलं, चाळीस कप्पे, चाळीस दगड, एखादा उचलायचा, खिडकीत धरायचा, वा म्हणायचं आणि परत ठेवायचा. इथे तर आधी सुरीच्या टोकाने ओरखडा उठतो का ते बघा, मग फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून रेघ कुठल्या रंगाची येते ते बघा, मग भिंग डोळ्याला लावा, मग कार्ड लिहा. नाव, रंग, कुठे सापडला, कधी, कोणाला. आणि कार्ड पाठवलं की आठ दिवसांनी तुझ्या अक्षरात बाबांचा शेरा. चौदा नंबर लाल दिसला म्हणून मी ‘माणिक’ लिहिलं. तर म्हणे, ‘माणिक असतं तर तिचा बाप बावीस वर्षं बोअरच्या गाडीवर राहिला असता का? तामडा आहे तो, स्वस्तातला लाल खडा.’ हे लिहिताना तू हसत होतास. अक्षर हललंय.

बरं, दिसत नाही म्हणतात, मग नऊ नंबरच्या अकिकाला मागे नखाएवढी चीर आहे हे त्यांना कसं पाठ? आणि ती चीर मी लिहिली नाही म्हणून कार्ड परत. दोनदा. माझं अक्षर लहानपणी सुधारलं नाही ते आता या चिरेपायी सुधारेल बहुतेक.

वाचनालयातून नवशिक्यांसाठीचं पुस्तकही आणलं. पहिल्याच पानावर ‘घाई करू नका’. तिथेच मिटलं. पण एक गोष्ट त्यातूनच कळली, काचेच्या खोट्या खड्यात भिंगातून बुडबुडे दिसतात. मग काय, दुकानात येईल त्याच्या हाताकडे बघत बसले. आमच्या मालकांच्या अंगठीतला पाचू काच आहे. मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं. दोन दिवस गोदामात फुटक्या फरश्या वेगळ्या करत होते.

काय सांगत होते? हां, घरमालकीण काकू. त्या माझ्याशी बोलत नाहीत, दोन महिने झाले. जिन्यात त्यांचं एक कुंडीतलं झाड होतं, लाल फुलांचं, ते वाळलं. म्हणे मी त्यात काहीतरी ओतलं. मी साधं पाणी ओतलं, तेही कौतुकाने. उलट माझ्याच खोलीतली एक वस्तू गेली आणि किल्ली फक्त त्यांच्याकडे असते, तरी मी त्यांना काही बोलले का? बोलले, एकदाच बोलले. तेव्हापासून त्या कठड्याला धरून वर जातात आणि मी भिंतीला धरून खाली येते.

सोबत सोळा ते वीस. दगडांवरच्या नंबरच्या चिठ्ठ्या जरा सैल झाल्या आहेत, म्हणून नंबर पेटीतल्या बाबांच्या वहीवरून ताडून बघावे लागतात, म्हणून उशीर. आणि तेवीसचं कार्ड सारखं काय मागताय? क्रमाने येईल. म्हणजे सगळ्यात शेवटी येईल. पण येईल.

वहिनीला सांग, तुझ्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात डबा वेळेवर पाठवत जा, पत्रात सगळी चिडचिड भुकेची वाटते.

तुझी
भिंगरी
(हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांना वाटतं, भिंगरी एका जागी बसून कार्डं लिहील.)


१९ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. टपाल आलंच नाही म्हण. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून नुसतं गप्प राहा, ते जमतं तुला.

तू लिहिलंस, बाबा म्हणाले, ‘तेवीसला सुरी नको, फरशी नको. जीभ लाव म्हणावं, कळेल. आणि त्याच्या कोपऱ्याला खळगा आहे तो कोणाचा, तेही तिलाच विचार.’ मी ते जिन्यात उभ्यानेच वाचलं आणि पायरीवर बसले. समोर काकूंची रिकामी कुंडी.

मीठ होतं ते, दादा. तेवीस नंबर मिठाचा खडा होता.

आता सगळं सांगते, मध्ये बोलू नकोस. पेटी आली त्या दिवशी मी वहीची पहिली दोन पानं वाचली. दुसऱ्या पानावर होतं, ‘बघण्याआधी धूळ काढावी’. मी धूळ काढली. अर्धी बादली पाणी, साबण, चाळीसच्या चाळीस दगड आत. भिजू देत म्हटलं, तोवर पाव घेऊन येते. पावाच्या दुकानापाशी फुलांच्या रोपांचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर म्हणाला डोंगरापलीकडे चाललोय, पलीकडे काय आहे ते मी कधी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांनी परत आले. एकोणचाळीस दगड तळाला आणि चाळीस चिठ्ठ्या वर तरंगत होत्या. सैल झाल्या म्हणाले होते ना. इतक्या सैल.

खोली उलटीपालटी केली. गादी फाडून शिवली. शेवटी काकूंना विचारलं, आणि विचारलं म्हणजे कसं, ते तुला माहीत आहे, माझ्या तोंडून प्रश्नसुद्धा आरोपासारखा निघतो. आणि ते बादलीतलं पाणी, साबणाचं असलं तरी फेकायचं कशाला, म्हणून चार दिवस थोडं थोडं त्यांच्या झाडाला घातलं. म्हणजे काकू झाडावरून माझ्यावर चिडल्या, मी दगडावरून त्यांच्यावर चिडले, आणि दोन्ही गोष्टी एकाच बादलीतल्या. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

वहीच्या पाचव्या पानावर लाल शाईत आहे, ‘२३ ला पाणी लावू नये.’ खाली दोन रेघा.

तू म्हणशील सांगून टाक. तुला काय जातंय. शिक्षण सोडून निघाले त्याला तीन वर्षं झाली, तीन वर्षांत त्यांनी मला एक शब्द लिहिला नाही, की तुझ्याकरवी विचारला नाही. ही पेटी पहिला शब्द. निघताना म्हणाले होते, ‘हिच्या हातात काही टिकत नाही.’ तेव्हा रागात म्हणाले. आता पुरावा बघून म्हणतील. आणि पुढच्या रविवारी तू त्यांना इथे घेऊन येतोयस, ते पेटी मांडीवर घेतील, बोटं फिरवतील, आणि पहिला कप्पा कुठला उघडतील, ते तू मला सांगू नकोस.

म्हणून मी दुसरा आणलाय. बाजारात एक खडेवाला बसतो, टोपलीत सगळं एकत्र, त्याच्याकडे मिठाचा खडा मिळाला. चौकोनी, स्वच्छ, सुपारीहून थोडा मोठा, वहीत लिहिलंय तसाच. फक्त खळगा नाही. तर गेले तीन दिवस मी तो पाडतेय. कामावर जाताना एक कोपरा तोंडात, येताना तोच कोपरा तोंडात. जीभ सोलली आहे, पाण्याचा घोटही झोंबतो. काल एक बाई फरशी बघायला आली, मी तोंडातून दगड काढून भाव सांगितला, ती न घेताच गेली. पण खळगा पडतोय. बऱ्यापैकी पडलाय.

जुना खळगा कोणाचा, ते आठवलं. इथे लिहीत नाही.

आज कार्डही लिहायला घेतलं. नाव, मीठ. रंग, पाण्यासारखा. मग ‘कुठे सापडला’. तिथे अर्धा तास पेन धरून बसले, मग उठून हे पत्र लिहिलं. तू काही करू नकोस. मी बघते काय ते.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

बाबा,

तुम्हाला नमस्कार. हे दादा वाचतोय हे मला माहीत आहे. दादा, जसं आहे तसं वाच, गाळू नकोस, आणि मधेच खाकरू नकोस.

तेवीस नंबर गेला. मी पाण्यात घातला. वही पाच पानं वाचायची होती, मी दोन वाचली, आणि दगड भिजत ठेवून एका ट्रकमध्ये बसून फिरायला गेले. बाकीच्यांच्या चिठ्ठ्याही सुटल्या. तुम्हाला आजवर पाठवलेली सगळी कार्डं मी तुमच्या वहीवरून, सुरीवरून आणि फरशीवरून एकेक करून जुळवली आहेत. म्हणून चुका होत्या. म्हणून तुमच्या शेऱ्यांवर चिडत होते. चीर सांगितली नसतीत तर नऊ आणि अकरा आजही एकमेकांच्या कप्प्यात असते.

काकूंना काल सांगितलं. बादली, झाड, सगळं. त्यांनी रिकामी कुंडी भिंतीकडे सरकवली. मग म्हणाल्या, ‘चोर म्हणालीस त्याचं मला इतकं नाही लागलं. तसं मी तुला वेंधळी म्हणतच होते. पण ते झाड सात वर्षांचं होतं गं.’ मी नवीन रोप आणून देते म्हटलं. म्हणाल्या, ‘आण. पाणी मात्र मी घालीन.’ आज जिन्यात त्या थांबल्या आणि मला आधी उतरू दिलं.

खळगा कोणाचा, विचारलं होतंत. माझा. तुम्ही महिना महिना गाडीवर असायचात, आणि तो दगड तुमच्या टेबलाच्या खणात असायचा. मी टेबलाखाली बसून चाटायचे. एकदा तुम्ही न कळवता आलात आणि मी तोंडात दगड घेऊन सापडले. मला वाटलं मार बसणार. तुम्ही खाली बसलात, दगड माझ्या हातात फिरवलात आणि म्हणालात, ‘याला आठ कोपरे आहेत. एक तुझा, सात माझे. तुझा चाट, माझ्यांना हात लावू नकोस.’ पुन्हा तुम्ही गेलात की मी माझाच चाटायचे. खरंच बाबा, माझाच. एवढी एक गोष्ट मी नीट सांभाळली होती आणि ती विसरून बसले होते.

तुम्ही वहीत लिहिलंय, ज्याच्या चिठ्ठीत खोटं असेल तो दगड पेटीत ठेवू नये, कितीही देखणा असो. हे पान मात्र मी वाचलं. म्हणून तेवीसचं कार्ड सोबत पाठवते आहे. ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

नंबर: तेवीस (दुसरा).
नाव: मीठ.
रंग: पाण्यासारखा.
कुठे सापडला: बाजारात, खडेवाल्याच्या टोपलीत.
कोणाला: भिंगरीला. पहिला तिनेच घालवला.
खूण: एका कोपऱ्याला उथळ खळगा. चोवीस वर्षांच्या मुलीने तीन दिवस जिभेने पाडला, बापाच्या बोटांना फसवण्यासाठी. मग अर्धवट सोडला.

शिक्षण अर्धवट सोडलं, पाच नोकऱ्या अर्धवट सोडल्या, त्याबद्दल तुम्ही जे म्हणालात ते ऐकून घेईन. हे मात्र मी ठरवून सोडलं.

रविवारी दादा तुम्हाला आणणार होता. यावंसं वाटलं तर या. जिना तेरा पायऱ्यांचा आहे, कठडा उजव्या हाताला, आणि सातव्या पायरीवर कुंडी आहे, तिला पाय लागू देऊ नका. पेटी खिडकीपाशी मांडून ठेवते. खडा कोरडा आहे, कापडात गुंडाळलाय, आणि त्याचे सात कोपरे अजून कोणी चाटलेले नाहीत.

तुमची
भिंगरी